हवेतला खो

खोटं बोललात तुम्ही. शाळेचा हीरकमहोत्सव, गळ्यात हार, हातात माईक, समोर गावाच्या तीन पिढ्या बसलेल्या, आणि तुम्ही हसत हसत सांगितलंत, "आमच्या मुलींनी तालुक्याचा कप आणलाच होता, पण पंचानं घात केला!" लोक हसले. टाळ्या पडल्या. मी मागच्या खुर्चीत होते. तुम्ही मला ओळखलं नाहीत, किंवा ओळखलंत आणि नजर पुढं नेलीत. पंचानं घात केला नाही. तुम्ही रेषेच्या बाहेर, गळ्यात शिट्टी अडकवून उभे होतात, तुम्ही सगळं पाहिलंय. आणीबाणी उठली त्या वर्षाची गोष्ट. तुम्ही पिंपळढवच्या प्रशालेत पी.टी.चे सर होतात, मिशी नुकती राखलेली. मी प्रयागा उजगरे, आठवी क. आता माझं ऐका.

"पत्र्यातून जोरात कोण पळतं?"

दारात उभं राहून तुम्ही विचारलंत. आत आला नाहीत. आत कुणी येतच नसे. ओढ्याच्या अलीकडं दगडी इमारत, तिथं अ आणि ब तुकडी. ओढ्याच्या पलीकडं पत्र्याचं शेड, तिथं क. तुकड्या गुणांवर पडतात असं सांगितलं जायचं. गुणांची ही काय गंमत होती कोण जाणे, मांगवाडा, भीमनगर, वडारवस्ती आणि फकीर गल्ली इथली सगळी पोरं गुणांनी नेमकी ओढ्याच्या पलीकडं पडायची. दगडी इमारतीत शास्त्राचे सर होते, काचेच्या नळ्या होत्या. पत्र्यात शास्त्राच्या तासाला आम्ही मैदानातले दगड वेचायचो.

"सर, ही पळती," माझ्याशेजारी बसणाऱ्या नजमानं मला पुढं ढकललं. "मास्तर छडी घेऊन आले की सगळ्यांत पुढं हीच असती."

पोरं खिदळली. तुम्ही मला ओढ्यापासून लिंबाच्या झाडापर्यंत पळवलंत, परत पळवलंत. मग शिट्टी दातात धरून माझ्याकडं बघत राहिलात.

"कुणी शिकवलं गं पळायला?"

"कुत्र्यायनी, सर."

तुम्ही हसलात. खरं सांगते, मला तेव्हा तुम्ही आवडला होतात. "उद्या सकाळी दगडी इमारतीमागच्या मैदानावर यायचं. खो-खोच्या संघात घेतलंय तुला."

घरी माय शिंदीची पानं चिरत केरसुण्या बांधत बसली होती. मी सांगितलं तर म्हणाली, "खो म्हंजी काय गं? ये म्हणायलेत का जा म्हणायलेत?"

"जा म्हणायलेत. आपुन रांगेत उकिडवं बसायचं. एकजण पळणारीच्या मागं लागती. ती दमली का आपल्या पाठीमागं येऊन पाठीला हात लावती आन म्हणती, खो. मग तिनं आपल्या जागी बसायचं आन आपुन उठून पळणारीला धरायचं."

"तुझ्या पाठीला कोण हात लावणार हाय?"

"हेमलता. कप्तान हाय ती."

"बिराजदाराची हेमलता?"

"व्हय."

मायनं पानाचं टोक दातात धरून ताणलं, गाठ मारली. "ज्वारी काढायला जातो आमी त्यांच्याकडं," एवढंच म्हणाली. "पळ तू. पाय तर चांगले हायेत."

सकाळी मैदानावर गेले. संघातल्या बाकी सगळ्या अ तुकडीतल्या. पांढरे बूट, निळ्या फिती. मला मधल्या चौकोनात बसवलंत. हेमलता गोरी, उंच, पाय लांब. ती पळत माझ्यामागं आली आणि ओरडली, "खो!"

मी बसूनच.

"ऊठ ना!"

"हात कुठं लागला?"

एकीनं वेणीची फीत सोडून परत बांधायला घेतली. तुमची शिट्टी वाजली.

"आवाज आला की नाही तुला?" तुम्ही विचारलंत.

"आला सर."

"मग उठायचं. तुझा कान तिखट आहे. हाताची वाट बघत बसलीस तर पळणारी निघून जाते. तुझ्यापुरता आवाजाचा खो."

"आन मी द्यायचा तवा?"

"तोही आवाजाचाच. तुझा आवाज खणखणीत आहे."

किती हुशारीनं केलंत हो सर. माझ्या कानाचं कौतुक, गळ्याचं कौतुक. मी आठवीतली पोर, फुशारून गेले. पोरींनी त्याला नाव ठेवलं, हवेतला खो. "प्रयागाला हवेतला द्या गं!" असं त्या सहज म्हणायच्या, जसं एखादीला चहा बिनसाखरेचा द्या म्हणतात तसं. मीही हसायचे. आणि त्या हवेतल्या खोवर मी इतकी चपळ झाले की 'खो'मधला ख ऐकून उठायचे.

एकदा सराव संपल्यावर मी थांबले.

"सर, मला शास्त्र पाहिजे."

"कशाला?"

"दवाखान्यातल्या सिस्टर म्हणल्या, नर्स व्हायचं तर शास्त्र लागतं. पत्र्यात शास्त्र नाई."

तुम्ही बुटाची नाडी बांधत होतात. वर न बघता म्हणालात, "कप आण. हेडमास्तरांशी माझं बोलणं झालंय. कप आला तर नववीला तुला दगडी इमारतीत बसवतो. शब्द आहे माझा."

तुम्ही शब्द दिलात. मी तो धरला. इतर पोरी कपासाठी खेळत होत्या. माझं वेगळं होतं. मला ओढा ओलांडायचा होता.

स्पर्धा तालुक्याला. पहिले सामने आमच्यासारख्याच गावांशी होते, पंच म्हणजे इकडून तिकडून धरून आणलेले मास्तर. कुणाचा हात लागला, कुणाचा नाही, बघायला त्यांना सवड नव्हती. जिंकत गेलो. अंतिम सामना तालुक्याच्या कन्याशाळेशी लागला. गेल्या वर्षीचा कप त्यांच्याकडं होता, आणि बरोबरी झाली तर कप त्यांच्याकडंच राहणार असं ठरलेलं होतं. पंच जिल्ह्याहून आलेल्या बाई होत्या. नऊवारी नाही, गोल साडीच, पण कंबरेला घट्ट खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट. बोलायच्या कमी, बघायच्या फार.

आधी आम्ही पळायचं होतं, त्यांनी धरायचं. मी बराच वेळ कुणाला सापडले नाही. शेवटी त्यांच्या एका जाडसर पोरीनं मला खांबाजवळ गाठलं आणि पाठीत अशी सणसणीत थाप मारली की मी दोन पावलं पुढं गेले. "कसली पळतीस गं बाई तू!" म्हणाली, आणि धापा टाकत माझ्याच खांद्यावर हात टेकून उभी राहिली. मी बाद झाले होते. वाईट वाटायला हवं होतं. मी तो हात खांद्यावरून उचलला जाईपर्यंत हललेच नाही.

मग आमची धरायची पाळी आली. पहिल्यांदा माझ्याकडं खो आला आणि मी उठले, तशी शिट्टी.

"फाऊल," बाई म्हणाल्या. "हात लागला नाही."

फाऊल झाला की धरणारीला उलट दिशेनं जावं लागतं, तोवर पळणारी मोकळी. पुन्हा खो. पुन्हा शिट्टी. मी एकीला खो दिला, तीही हवेतला ऐकून उठली. शिट्टी. बाईंनी खेळ थांबवला आणि हेमलताला जवळ बोलावलं.

"पाठीला हात लावून खो द्यायचा. माहीत आहे ना?"

"हो बाई."

"बाकीच्यांना लावतेस. हिच्याच पाठीला काय झालंय?"

हेमलता बुटाच्या टोकानं माती उकरत राहिली. तुम्ही रेषेबाहेरून ओरडलात, "बाई, मुली घाबरल्यात. लहान गावच्या आहेत."

बाई तुमच्याकडं वळल्या. "मी मुलीला विचारलं, सर."

मध्यंतरात आम्ही तिथल्या मैदानाकडेच्या एका लिंबाखाली गोळा झालो. तुम्ही हेमलताला म्हणालात, "आजच्यापुरता लाव हात."

"आजी घरात घेत नाही मग, सर. आधी विहिरीवर न्हायला लावते. गेल्या दिवाळीत थंडी वाजून ताप आला होता मला."

"आजीला कोण सांगणार आहे?"

"ती विचारते. मला खोटं बोलता येत नाही."

हे सगळं माझ्या पुढ्यात. मी लिंबाची काडी चघळत उभी. माझ्याविषयी बोलत होतात आणि माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. तुम्ही कपाळ चोळलंत. मग म्हणालात, "तिला खो देऊच नका. सोडून द्या तो चौकोन."

"मग मला बाहेरच बसवा सर," मी म्हणाले. "दुसरी घ्या."

"दुसरीला तुझ्यासारखं पळता येतं का? बस गप्प."

म्हणजे पळायला मी हवी होते. बसायला मी हवी होते. फक्त माझी पाठ नको होती.

दुसऱ्या डावात आम्ही पुन्हा धरायला बसलो आणि कन्याशाळेच्या पोरींना ते लगेच कळलं. पोरी हुशार होत्या. त्या पळत पळत माझ्या चौकोनापाशी यायच्या आणि उभ्या राहायच्या, कारण त्या रांगेत उठणार नाही अशी एकच होती, मी. उन्हात झाडाखाली यावं तशा यायच्या. एकजण तर कंबरेवर हात ठेवून मला म्हणाली, "तुला काय देव अंगात आलाय का? उठत का नाहीस?"

"मला खो नाई."

"का?"

मी समोरच्या खांबाकडं बघत राहिले.

तरी आमच्या पोरी जीव तोडून खेळल्या, हेमलता तर सगळ्यांत जास्त. बरोबरी झाली. वेळ संपत आली. एक बाद केली की कप आमचा, नाहीतर त्यांचा. तुम्ही बाहेरून घसा फाडत होतात. त्यांची शेवटची पळणारी, लाल फितीची उंच पोर, वळसा घालून आली आणि नेमकी माझ्यासमोर थांबली. हात पुढं केला असता तर तिच्या झग्याला लागला असता इतकी जवळ. ती माझ्या डोक्यावरून मागं बघत होती. मागं हेमलता होती.

हेमलताचा श्वास मला ऐकू येत होता. लोहाराच्या भात्यासारखा. तिनं काय बघितलं असेल ते मला न वळताही दिसत होतं. समोर पळणारी, मध्ये मी. सवयीनं तिचा हात पुढं आला असणार, सवयीनं माझ्या पाठीपाशी येऊन थांबला असणार. मला त्या हाताची ऊब कळत होती. तिचं तोंड उघडलं, ख निघाला.

मी उठले नाही. उठले असते तर शिट्टी वाजली असती. मी पाठ मागं टेकवली.

हात लागला. गरम होता, घामानं ओला. "खो!" आणि मी उडी मारल्यासारखी उठले, एका ढांगेत लाल फितीवालीच्या दंडावर माझी बोटं पडली.

"शिवली!" मागून हेमलता किंचाळली. "शिवली! शिवली!"

आमच्या बाजूचं सगळं मैदान उसळलं. "शिवली रे शिवली!" टोप्या उडाल्या, कुणीतरी डबा वाजवायला घेतला. तुम्ही दोन्ही हात वर करून नाचत होतात, सर. मीही नाचले. मला समोर दगडी इमारतीच्या पायऱ्या दिसत होत्या. बाईंचा हात बाद द्यायला वर गेला होता.

हेमलता त्यांच्याकडं पळत निघाली. आनंदानं पळतेय असं वाटलं मला. उजवा हात तिनं अंगापासून लांब धरला होता, पोळल्यासारखा.

"बाई, शिवली! उजगरे शिवली!"

"हो गं, शिवली. दिलंय मी बाद."

"तिला नाही बाई. मला. मला शिवली!"

बाईंचा हात वरच राहिला. "म्हणजे?"

"मी हात लावला नव्हता. तिनंच पाठ मागं आणली. मी नाही लावला बाई, शपथ, मी नाही लावला, कुणालाही विचारा!"

ती रडत होती. डबा वाजायचा थांबला. मैदानात एवढी माणसं होती आणि तिचं ते नाही लावला, नाही लावला तेवढं ऐकू येत होतं. बाईंनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग बराच वेळ तुमच्याकडं. त्यांना कळलं, सर. मला त्यांच्या तोंडावर दिसलं ते.

"पोरी," त्या हळू म्हणाल्या, "तू काय सांगतेयस, कळतंय का तुला? खो मिळायच्या आधी बसलेली हलली तर फाऊल होतो. तू तसं म्हणतेयस?"

"हो."

"कप जाईल तुमचा."

"पण मी नाही लावला."

बाईंनी माझ्याकडं वळून विचारलं, "तू हललीस का गं?"

"हलले," मी म्हणाले. "तिचा हात येत नव्हता."

त्यांनी हात खाली घेतला. "फाऊल. बाद नाही." एवढं बोलून त्यांनी शिट्टी गळ्यातून काढली आणि मुठीत घट्ट धरून टेबलाकडं चालत गेल्या. हा तुमचा घात करणारा पंच.

निघायच्या आधी मी नळावर गेले. हेमलता आधीच तिथं होती, कोपरापर्यंत हात धूत. मला बघून बाजूला सरकली. मी पाणी प्यायले.

"मला ओरडायचं नव्हतं गं," ती म्हणाली. "तोंडातून निघालं."

"कप गेला."

"माहीत आहे." तिनं झग्याला हात पुसले. "आता तुला दगडीत घेणार नाहीत ना?"

"नाई."

"तू कशाला मागं आलीस?"

"तू कामून पुढं आली नाईस?"

हात कोरडे झाले होते तरी ती पुसत राहिली. मला तिचा राग येईना. चौदा-पंधरा वर्षांची पोर होती. आजीनं विहिरीवर उभं करून जे शिकवलं होतं आणि तुम्ही शिट्टी वाजवून जे पक्कं केलं होतंत, तेच तिनं केलं.

टेम्पोत ती पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. मी मागं, फळीला धरून. घरी आले तर माय उंबऱ्यात.

"आणला का कप?"

"नाई."

"हात लागला का?"

"लागला."

"कसा व्हता?"

"गरम."

मायनं मला पोटाशी ओढून घेतलं.

सोमवारी परिपाठाला तुम्ही पहिल्यांदा ते सांगितलंत. पंच कन्याशाळेला सामील होत्या, पंचानं घात केला. मी पत्र्याच्या रांगेत उभी राहून ऐकत होते. मग मला व्हरांड्यात बोलावलंत. आत नाही, व्हरांड्यात.

"फाऊल कुणाच्या चौकोनात झाले?"

"माझ्या."

"मग हरलो कुणामुळं?"

"सर, हात नव्हता लावत त्या. तुमीच म्हणले, आवाजाचा खो."

"मी तुला मागं टेकायला सांगितलं होतं?"

"नाई सर."

"हेमलताला ताप आलाय. वडील येऊन बसलेत आत. उजगरे, दगडी इमारतीचा विषय आता काढू नकोस."

मी काढला नाही. नववीला पत्र्यातच बसले, दहावीलाही. शास्त्र ओढा ओलांडून आलं नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. कितीजणींनी काय काय गिळलंय, त्यात हे एक. पण तुमच्या भाषणानंतर जेवणाच्या रांगेत मी तुमच्यासमोर येऊन उभी राहिले, नाव सांगितलं. तुम्ही म्हणालात, "अरे वा, प्रयागा! जेवून जा हं," आणि पुढच्या माणसाचा हात हातात घेतलात. मला तुम्हाला एक विचारायचं होतं, ते राहिलं. म्हणून इथं विचारते, चारचौघांत.

त्या हरण्यानंतर पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा दगडी इमारतीमागचे खो-खोचे दोन्ही खांब जाग्यावर नव्हते. खड्डे मुरुमानं बुजवले होते. तिथं चुन्याच्या नव्या रेघा, मधोमध जाळी, आणि तुम्ही पोरींना रबराची रिंग फेकायला शिकवत होतात. रिंग टेनिस. एक जाळीच्या अलीकडं, एक पलीकडं. कुणी कुणाला शिवायचं कामच नाही. पत्र्यातल्या चार पोरी तुम्ही लगेच संघात घेतल्यात, आणि शाळेत भेदभाव नाही म्हणून जिल्ह्याहून आलेल्या साहेबांना त्या चौघी दाखवल्यातसुद्धा. त्या वर्षापासून आजपर्यंत पिंपळढवच्या प्रशालेत मुलींचा खो-खो झालेला नाही. मुलांचा होतो. मुलींचा नाही. नव्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, पहिल्यापासून नाहीच इथं, का ते माहीत नाही.

तुम्हाला माहीत आहे. तुम्ही बोललात की शाळा ऐकते अजून. तेव्हा हेडमास्तरांवर ढकलू नका, ते वारले. बिराजदारांवर ढकलू नका. ते खांब उपटा असं गड्यांना कुणी सांगितलं? माणसाचं नाव सांगा, सर. मी वाट बघतेय.